उष्ण, वजनदार ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग आणि वृश्चिक दाखवताना "यातल्या काही ताऱ्यांना जबरदस्त चुंबकीय क्षेत्र आहे" असं म्हटलं की पुढे प्रश्नांची रांग लागते, आणि बहुतेक प्रश्न तेच तेच असतात. म्हणून सगळे एका जागी उतरवून ठेवतोय. आधी साधे घेतलेत, अडचणीचे खाली आहेत, आणि एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तिकडे बघा असं सांगितलंय.

उष्ण आणि वजनदार तारे म्हणजे नक्की कुठले?

सूर्याच्या साधारण ८ पट किंवा त्याहून जास्त वस्तुमान असलेले, निळसर पांढरे, ओ आणि बी वर्गातले. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५,८०० केल्विनच्या आसपास आहे, बी वर्गात ते १०,००० पासून ३०,००० पर्यंत जातं आणि ओ वर्गात त्याच्याही वर. जळतात भरभर, त्यामुळे आयुष्य कमी, काही दशलक्ष वर्षांत खेळ संपतो. मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे ते ओळीतले तीन तारे, सगळे याच जातीचे. बी वर्गाच्या खालच्या टोकाचे ३-४ सूर्यवस्तुमानाचे तारेही या अभ्यासात सर्रास घेतात, कारण त्यांचं चुंबकत्व त्याच पठडीतलं आहे. आर्द्रेचा तारा वजनदार आहे पण आता फुगून थंड झालाय, तो या यादीत येत नाही.

सूर्यालाही चुंबकीय क्षेत्र आहे की, मग यांच्यात वेगळं काय?

सगळंच वेगळं आहे. सूर्याच्या बाहेरच्या थरात गरम वायू वर येतो, थंड होऊन खाली जातो, हे संवहन आणि सूर्याचं फिरणं मिळून एक डायनॅमो चालतो आणि क्षेत्र सतत नव्याने तयार होत राहतं. म्हणूनच ते गुंतागुंतीचं असतं, डाग येतात जातात, साधारण ११ वर्षांनी ध्रुव उलटतात.

उष्ण ताऱ्यांच्या बाहेरच्या जाड थरात ही उलथापालथ जवळपास नाहीच, तिथे ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने झिरपत बाहेर येते. म्हणजे सूर्यासारखा डायनॅमो चालायला जागाच नाही, आणि हिशेबाने क्षेत्र नसायला हवं. तरी काही ताऱ्यांत ते आहे, चांगलं दणदणीत आहे, बहुतेक वेळा साधं दोन ध्रुवांचं, आणि गेल्या कित्येक दशकांच्या मोजमापांत जसंच्या तसं. सगळं संशोधन या एका गोष्टीभोवती फिरतं.

गॉसचे आकडे वाचून अंदाज येत नाही, किती म्हणजे किती?

गॉस हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचं एकक. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक ५०-१०० गॉस. सूर्याचं सरासरी क्षेत्र १ गॉसच्या घरात, पण सूर्यडागात ३,००० पर्यंत जातं. एमआरआयचं नेहमीचं मशीन १.५ टेस्ला म्हणजे १५,००० गॉस. चुंबकीय ओ आणि बी तारे साधारण काहीशे ते काही हजार गॉसमध्ये सापडतात. ओ वर्गातला आजवरचा विक्रम एनजीसी १६२४-२ या ताऱ्याचा, ध्रुवाजवळ सुमारे २०,००० गॉस. एमआरआयमध्ये ते क्षेत्र एका बोगद्यापुरतं असतं, इथे ते सूर्याच्या दहापट रुंदीच्या अख्ख्या ताऱ्यावर पसरलंय, हे लक्षात घेऊन आकडा वाचा.

इतक्या लांबून चुंबकत्व मोजतात तरी कसं?

ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून. पीटर झेमान यांनी १८९६ साली प्रयोगशाळेत दाखवलं की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वायूच्या वर्णरेषा फुटतात. १९०८ मध्ये जॉर्ज एलरी हेल यांनी माउंट विल्सनवरून हेच सूर्यडागांत पकडलं, आणि १९४७ मध्ये होरेस बॅबकॉक यांनी कन्या राशीतल्या ७८ व्हर्जिनिस या ताऱ्यात. सूर्याशिवाय दुसऱ्या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र सापडण्याची ती पहिली वेळ.

पण उष्ण ताऱ्यांत खरी पंचाईत पुढे आहे. हिशेबच करून बघू. ५,००० अँगस्ट्रॉमजवळची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) एक साधी रेषा घ्या आणि १,००० गॉसचं क्षेत्र घ्या, तर रेषेचा फुटलेला भाग जेमतेम ०.०१२ अँगस्ट्रॉम सरकतो. आता तोच तारा सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने फिरत असेल, आणि असे तारे याहूनही वेगाने फिरतात, तर नुसत्या फिरण्यामुळे ती रेषा दोन्ही बाजूंना दीड अँगस्ट्रॉमहून जास्त पसरते. म्हणजे जे बघायचंय ते शंभर पटीने मोठ्या फासटण्यात बुडालेलं. नुसती रेषा बघून काहीच कळणार नाही.

इथे ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहर कुठल्या दिशेने डोलते ते, कामी येतं. क्षेत्र आपल्या दिशेने असेल तर फुटलेल्या रेषेच्या एका भागाचा प्रकाश उजवीकडे वर्तुळाकार ध्रुवित असतो, दुसऱ्याचा डावीकडे. दोन्ही वेगळे नोंदवायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. क्षेत्र नसेल तर सपाट रेघ उरते, असेल तर रेषेच्या जागी एक आडवा एस उमटतो. तो एकेका रेषेत इतका बारीक असतो की गोंगाटातून वर येत नाही, म्हणून शेकडो रेषांची माहिती गणिताने एकत्र करून एकच सरासरी रेषा काढतात. १९९७ मध्ये जाँ-फ्रांस्वा दोनाती आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवून दिली आणि तिथून या विषयाने वेग घेतला. ओ ताऱ्यांत मुळात रेषाच कमी, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी हाती लागले.

एनजीसी १६२४-२ इथेही अपवाद. तो १५८ दिवसांत एकदा फिरतो, रेषा फारशा पसरत नाहीत आणि क्षेत्र अफाट, त्यामुळे त्याच्या रेषांवर झेमान परिणाम थेट दिसतो.

ओ वर्गातला पहिला चुंबकीय तारा कुठला?

मृगातल्या तेजोमेघाच्या मध्यभागी चार ताऱ्यांचा छोटा चौकोन आहे, त्यातला सगळ्यात तेजस्वी, थीटा-१ ओरायनिस सी. २००२ मध्ये त्याचं हजार गॉसच्या वरचं क्षेत्र जाहीर झालं. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की खुणा आधीच दिसत होत्या. नव्वदच्या दशकात लक्षात आलं होतं की याच्या वर्णरेषा ठरावीक १५.४ दिवसांनी बदलतात, क्ष-किरणही त्याच तालात, आणि १९९७ मध्ये बाबेल आणि माँतमेर्ल यांनी मांडलं होतं की ताऱ्याचा वारा चुंबकीय क्षेत्रात अडकत असेल तर हे सगळं जुळतं. क्षेत्र प्रत्यक्ष मोजलं गेलं त्यानंतर पाच वर्षांनी.

यासाठी कुठल्या दुर्बिणी वापरतात, फार मोठ्या लागतात का?

आरसा फार मोठा नसला तरी चालतो, ध्रुवण मोजणारं उपकरण चांगलं पाहिजे. हवाईच्या मौना केआवरची ३.६ मीटरची कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बीण आणि तिच्यावरचं एस्पाडॉन्स, फ्रान्समध्ये पिक द्यु मिदीवरची २ मीटरची बर्नार ल्यो दुर्बीण आणि नार्व्हाल, चिलीमध्ये ला सिया इथल्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचं हार्प्सपोल, बहुतेक काम या तिघांनी ओढलंय. २००८ पासून ग्रेग वेड यांच्या नेतृत्वाखाली माइम्स नावाची मोठी पाहणी झाली ती याच तीन उपकरणांवर. नंतरच्या बॉब पाहणीत हार्प्सपोलसोबत चिलीतल्याच व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरचं फोर्स-२ हे उपकरण वापरलं.

मग किती ताऱ्यांत क्षेत्र सापडतं?

माइम्समध्ये सुमारे ७ टक्के, बॉबमध्येही त्याच्याच आसपास. ढोबळमानाने दहात एक किंवा त्याहून थोडे कमी. ओ असो वा बी, प्रमाण फारसं हलत नाही. "क्षेत्र कसं तयार झालं" असं सगळे विचारतात पण माझ्या मते खरा प्रश्न "एकात आहे तर नऊंमध्ये का नाही" हा आहे, आणि कुठलाही सिद्धांत याच प्रश्नावर घासून बघावा.

उरलेल्यांत क्षेत्र नाहीच, की आपल्याला दिसत नाही?

प्रामाणिक उत्तर म्हणजे, मोठं आणि साधं क्षेत्र नाही हे नक्की, बाकी सांगता येत नाही. मोजमापाला मर्यादा असते, तेजस्वी आणि हळू फिरणाऱ्या ताऱ्यात काही गॉसपर्यंत जाता येतं, वेगाने फिरणाऱ्या अंधुक ताऱ्यात शेकडो गॉसही निसटू शकतात.

मात्र एक विचित्र पोकळी दिसते, खास करून ए (बीपेक्षा थंड) आणि बी वर्गाच्या सीमेवर. चुंबकीय तारे साधारण ३०० गॉसच्या वर सापडतात. मग २००९ मध्ये अभिजितमध्ये १ गॉसहूनही कमी क्षेत्र सापडलं, नंतर व्याधातही तसंच दुबळं क्षेत्र मिळालं. मधल्या पट्ट्यात जवळपास कोणी नाही, त्याला चुंबकीय वाळवंट म्हणतात. अपवाद आहेत, बाणाच्या टोकाचा अल्निटाक साधारण १४० गॉसचा आहे, पण तो फुगलेला तारा आहे आणि फुगला की पृष्ठभागावरचं क्षेत्र पातळ होतंच.

आणि आत काय चाललंय हे पृष्ठभागावरून कळत नाही. एचडी ४३३१७ या ताऱ्याच्या कंपनांवरून २०२२ मध्ये अंदाज काढला की गाभ्याजवळ सुमारे ५ लाख गॉस असावेत.

हे क्षेत्र आलं कुठून?

जुनं उत्तर जीवाश्म क्षेत्राचं. तारा ज्या वायूच्या ढगातून बनला त्यात थोडं चुंबकत्व होतंच, ते आकुंचनात दाबलं जाऊन ताऱ्यात राहिलं. १९४५ मध्ये कावलिंग यांनी हिशेब करून दाखवलं की ताऱ्याएवढ्या मोठ्या आणि चांगल्या वाहक वस्तूत क्षेत्र विरायला अब्जावधी वर्षं लागतात, म्हणजे टिकण्याचा प्रश्न नाही. अडचण स्थैर्याची होती, साधं दोन ध्रुवांचं क्षेत्र आतून अस्थिर असतं. २००४ मध्ये ब्रेथवेट आणि स्प्रुट यांनी संगणकावर दाखवलं की कसंही सुरू केलं तरी क्षेत्र आत पिळवटलेल्या कड्यासारखं बसतं आणि मग स्थिर राहतं. छान, पण दहात एक का, याचं उत्तर यात नाही.

दुसरं उत्तर ताऱ्यांच्या विलीनीकरणाचं. वजनदार तारे बहुतेक जोडीने जन्मतात, काही जोड्या एकमेकांत मिसळतात, त्या घुसळणीत क्षेत्र प्रचंड वाढतं. २०१९ मध्ये फाबियान श्नायडर आणि सहकाऱ्यांनी हे सिम्युलेशनमध्ये करून दाखवलं आणि वृश्चिकातल्या टाऊ स्कॉर्पी या चुंबकीय ताऱ्याशी ताडून बघितलं. त्याच्या सोबतचे तारे साधारण १ कोटी वर्षांचे, हा मात्र निम्म्याहून कमी वयाचा दिसतो, जणू मध्येच नवं इंधन मिळालं. मग २०२४ मध्ये एचडी १४८९३७ या जोडताऱ्याचा निकाल आला. त्या जोडीतला चुंबकीय तारा जोडीदारापेक्षा किमान १५ लाख वर्षांनी तरुण दिसतो, वास्तविक दोघं एकदमच जन्मायला हवेत, आणि भोवतीचा तेजोमेघ फक्त साडेसात हजार वर्षांचा. म्हणजे आधी तिघं होते, दोघं मिसळले आणि उधळलेला वायू अजून तिथेच आहे. इतका थेट पुरावा या विषयात क्वचित मिळतो.

जवळजवळच्या जोड्यांत चुंबकीय तारे २ टक्क्यांहून कमी सापडतात, हेही विलीनीकरणाच्या बाजूने जातं, कारण मिसळलेली जोडी जोडी म्हणून उरतच नाही.

म्हणजे सगळे चुंबकीय तारे विलीन झालेलेच?

मला तसं वाटत नाही. वृकातला एप्सिलॉन ल्युपाय घ्या, साडेचार दिवसांच्या आसपास कक्षाकाल असलेली घट्ट जोडी आणि दोन्ही तारे चुंबकीय. दोघंही वेगवेगळ्या विलीनीकरणातून आले म्हणायचं तर आधी चार तारे तेवढ्याशा जागेत बसवावे लागतील. शक्यता आहे की एकाहून जास्त वाटा आहेत आणि जीवाश्म क्षेत्र त्यातली एक.

क्षेत्र असलं तर ताऱ्याला फरक काय पडतो?

पहिला फरक वाऱ्यावर. ओ तारे सेकंदाला दोन-दोन हजार किलोमीटर वेगाने वायू बाहेर फेकतात. जोरदार क्षेत्र असलं की हा वारा क्षेत्ररेषांच्या कमानीत अडकतो, दोन ध्रुवांकडून आलेले झोत मध्ये एकमेकांवर आदळतात, वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण निघतात. तारा हळू फिरत असेल तर थंड झालेला वायू परत ताऱ्यावर पडतो. वेगाने फिरत असेल तर केंद्रोत्सारी जोर त्याला पडू देत नाही आणि तो ढगासारखा वर लटकून ताऱ्याबरोबर फिरतो. मृगातला सिग्मा ओरायनिस ई हे याचं नमुनेदार उदाहरण, १.१९ दिवसांत एक फेरी आणि प्रत्येक फेरीत हे ढग दोनदा ताऱ्यासमोरून जाऊन त्याला थोडं झाकतात.

दुसरा फरक फिरण्यावर. क्षेत्ररेषा वाऱ्याला लांबपर्यंत धरून ठेवतात, त्यामुळे ताऱ्याला ब्रेक लागतो. सिग्मा ओरायनिस ई ची फेरी वर्षाला ७७ मिलिसेकंदांनी लांबतेय हे २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजलं गेलं. ओ ताऱ्यांचा वारा जास्त दांडगा, म्हणून तिथे ब्रेकही जोरात, एचडी १९१६१२ ला एका फेरीला ५३८ दिवस लागतात आणि एचडी १०८ ला तर पन्नासहून जास्त वर्षं.

एकीकडे म्हणता क्षेत्र बदलत नाही, मग मोजमाप रोज वेगळं का येतं?

चुंबकीय अक्ष आणि फिरण्याचा अक्ष एका रेषेत नसतो म्हणून. तारा फिरतो तसा कधी एक ध्रुव समोर येतो, कधी बाजू. क्षेत्र तेच, आपला कोन बदलतो. याच चढउतारावरून फेरीचा काळ आणि कोन दोन्ही काढतात. एकाच रात्रीचं मोजमाप शून्य आलं म्हणून क्षेत्र नाही असं ठरवू नये, कदाचित विषुववृत्त समोर असेल.

पुण्याजवळच्या जीएमआरटीचा यात काय संबंध?

मोठा संबंध आहे आणि आपल्याकडे तो पुरेसा माहीत नाही याचं वाईट वाटतं. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, नारायणगावजवळ खोडदला तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, पुण्याची एनसीआरए ही संस्था ते चालवते. चुंबकीय ताऱ्याभोवती अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन ध्रुवांजवळ रेडिओ लहरींचे अरुंद झोत सोडतात आणि तारा फिरतो तसा झोत पृथ्वीवरून जातो, तेव्हा स्पंद दिसतो. असा पहिला तारा, सीयू व्हर्जिनिस, २००० मध्ये सापडला. त्यानंतर फार भर पडत नव्हती, मग जीएमआरटी अद्ययावत झालं आणि बर्नाली दास व पूनम चंद्रा यांनी त्यावरून एकामागोमाग एक असे तारे शोधले. तोपर्यंत माहीत असलेल्या १५ पैकी ११ जीएमआरटीचे होते, त्यातले ८ एकट्या २०२१ मधले.

कमी वारंवारतेची दुर्बीण इथे का कामाची ते बघा. या लहरींची वारंवारता क्षेत्रावर ठरते, दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ. जीएमआरटीवर ७०० मेगाहर्ट्झला ऐकलं तर ती लहर साधारण २५० गॉसच्या जागेतून आली. ताऱ्याच्या ध्रुवावर ६,००० गॉस असतील तर दोन ध्रुवांचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, म्हणजे ही जागा केंद्रापासून जवळपास तीन त्रिज्यांवर आली. वारंवारता बदलत गेलं की वेगवेगळ्या उंचीवरचा चुंबकीय परिसर समजतो. ध्रुवणमापनातून पृष्ठभागाचं क्षेत्र कळतं, वरचा भाग असा रेडिओतून कळतो.

हे पल्सारच झाले ना मग?

नाही. पल्सार हे मेलेल्या ताऱ्याचे वीसेक किलोमीटरचे अवशेष, हे जिवंत हायड्रोजन जाळणारे तारे. स्पंदही दिवसाच्या हिशेबात येतात, सेकंदाच्या नाही.

मॅग्नेटार यांच्यापासूनच बनतात का?

मॅग्नेटार म्हणजे अतिप्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेले, मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष. त्यातले काही तरी यांच्यापासून बनत असावेत. वस्तू आकुंचन पावली की क्षेत्र त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, त्यामुळे गाभा दहा-बारा किलोमीटरपर्यंत कोसळला की आकडे भयंकर होतात. २०२३ मध्ये तोमर शेनार आणि सहकाऱ्यांनी एचडी ४५१६६ या हेलियमच्या ताऱ्यात ४३,००० गॉस मोजले आणि तो पुढे मॅग्नेटार होईल असं मांडलं. त्याचं वस्तुमान फक्त सूर्याच्या दुप्पट आहे, म्हणजे वर दिलेल्या ८ पटीच्या व्याख्येत तो बसत नाही, पण हायड्रोजनचं आवरण गेलेला नुसता गाभाच असल्यामुळे शेवट वजनदार ताऱ्यासारखा होऊ शकतो.

बी-ई ताऱ्यांभोवतीही वायूची चकती असते, ते चुंबकीय असतात का?

इथे भलेभले फसतात. बी-ई तारे अतिवेगाने फिरून स्वतःभोवती चकती तयार करतात, त्यांच्या रेषा दिसायला सिग्मा ओरायनिस ई सारख्या वाटू शकतात. पण माइम्समध्ये ८० हून जास्त बी-ई तारे तपासले आणि एकातही क्षेत्र मिळालं नाही. ब्रेकचा मुद्दा वर आलाय, त्यावरून विचार केला तर नवल नाही, क्षेत्र असतं तर एवढा वेग टिकलाच नसता.

यातलं डोळ्यांनी काय बघता येईल?

अल्निटाक, हिवाळ्यात संध्याकाळी, बाणाच्या पूर्वेच्या टोकाला. त्याच्या जरा खाली सिग्मा ओरायनिस आहे, ई तारा बघायला छोटी दुर्बीण लागते. थीटा-१ ओरायनिस सी साठीही छोटी दुर्बीण पुरते. टाऊ स्कॉर्पी साध्या डोळ्यांनी दिसतो, ज्येष्ठेच्या लालसर ताऱ्याच्या दोन बाजूंना दोन तारे आहेत त्यातला शेपटीकडचा. पाऊस यायच्या आधी, मे महिन्यात रात्री बघून घ्या.

विद्यार्थ्यांना घरबसल्या यात काही करता येतं का?

हो, आणि फुकट. एस्पाडॉन्स आणि नार्व्हालचे वर्णपट पोलरबेस या संकेतस्थळावर खुले आहेत, टेस उपग्रहाचे प्रकाशवक्रही (वेळेनुसार ताऱ्याचं तेज कसं बदलतं त्याचे आलेख) खुले आहेत. सिग्मा ओरायनिस ई चा टेसमधला वक्र काढून तो १.१९ दिवसांवर दुमडून बघा, ढग ताऱ्यासमोरून जातानाचे दोन खळगे स्वतःच्या स्क्रीनवर दिसतील. पायथन थोडं येत असेल तर एका रविवारचं काम आहे.

"अमुक ताऱ्यात क्षेत्र सापडलं" अशी बातमी आली तर विश्वास कधी ठेवायचा?

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, शून्य चाचणी (नल टेस्ट). ध्रुवण मोजताना चार एक्स्पोजर घेतात, ते दुसऱ्या क्रमाने जोडले तर खरा संकेत कटून सपाट रेघ उरायला हवी, तिथेही एस दिसत असेल तर गडबड उपकरणाची आहे. दुसरी, फेरीबरोबर क्षेत्र नीट लयीत बदलतंय का, एकट्यादुकट्या मोजमापावर जाऊ नये. तिसरी, दुसऱ्या उपकरणावर तेच येतं का. हे सांगायचं कारण, फोर्स-१ (फोर्स-२ च्या आधीचं उपकरण) वरच्या जुन्या मोजमापांची २०१२ मध्ये बान्यूलो आणि सहकाऱ्यांनी फेरतपासणी केली तेव्हा आधी जाहीर झालेले बरेच शोध टिकले नाहीत, कारण चुका धरल्या होत्या त्यापेक्षा मोठ्या निघाल्या.